मडगार्डच्या आतला काळा गारा: गाडीचे व्हील वेल घरीच कसे धुवायचे आणि ड्रेसिंग कसं करायचं

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर वावरातून घरी येताना मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी टाकायला चाक काढलं आणि सहज मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर माती, आणि तीही ओली. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते, पांदणीवर धूळ उडून राहिली होती, आणि इकडं पत्र्याच्या दुमडीत माती अजून ओलसर. बांबूच्या कामटीने खरडली तर एका चाकाची अर्धं घमेलं निघाली आणि तिच्या मागं रंगाला फोड आलेले, नखाने टोकरलं की खाली तांबडा भुगा. ही गाडी दर पंधरा दिवसांनी धुतल्या जात होती बरं का, पैसे देऊन, बाहेरून चकाचक. आतमध्ये कोणी पाहिलंच नव्हतं, मी पण नाही. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो आणि ज्यांची गाडी वावरात, पांदणीवर, धुऱ्याधुऱ्याने चालते त्या सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटते, म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिलो.

आपल्याकडं हे जास्त गरजेचं काहून, तं आपली माती. वऱ्हाडातली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, चिकण मातीचा भाग भरपूर, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून दगडासारखी होते. तीच ताकद जिच्यावर कपाशी उभी राहते ती गाडीच्या पत्र्याला वाईट, कारण ती पाणी धरून ठेवते. मुरमाचा किंवा रेतीचा चिखल वाळला की झडून जातो, काळा गारा झडत नाही, वरून पापडी धरतो आणि आतून ओला राहतो. पत्रा, पाणी आणि हवा एकत्र राहिले की गंज ठरलेला. त्यात ज्यांचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याकडं, त्यांच्या बोअरच्या पाण्यातच मीठ, आणि मीठ असलं की गंज आणखी भरभर पसरतो. पाण्याचं पुढं सांगतो.

आधी व्हील वेल म्हणजे नेमकी कोणती जागा ते पाहून घ्या. चाकाच्या वर आणि मागंपुढं जी अर्धगोल पोकळी असते ती. बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांवर आतून काळ्या प्लास्टिकचं लायनर असते, क्लिपांनी बसवलेलं. मागच्या चाकांना मात्र बऱ्याच स्वस्त गाड्यांत लायनर नसतेच, सरळ पत्रा आणि त्यावर कंपनीचा खरबरीत काळा किंवा करडा लेप. काही नवीन गाड्यांत प्लास्टिकऐवजी जाड नमद्यासारखं, फेल्टचं लायनर येते, रस्त्याचा आवाज कमी यावा म्हणून. तुमच्या गाडीत काय आहे ते हात लावून बघा कारण तिघांचं काम वेगळं आहे. आणि हात लावायच्या आधी टॉर्च मारा. पावसाळ्यात उंदीर, विंचू, कधी साप सुद्धा या उबदार जागेत येऊन बसते, त्यामुळं तपासल्याशिवाय हात घालू नका.

वेळ कोणती? माझ्या मते वर्षातून दोन मोठ्या धुलाया पुरतात. एक मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटी, तेव्हा आत धूळ आणि कुटार असते आणि पत्रा कोरडा असतो, लेप लावायला हीच वेळ चांगली. दुसरी पाऊस गेल्यावर दसऱ्याच्या सुमारास. दसऱ्याला गाडीची पूजा तं आपण करतोच, हार घालतो, लिंबू ठेवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून शेकतो ना, कारण वर्षभर जू तिथंच घासते. गाडीची तशी जागा ही आहे, सगळा मार इथंच बसतो, म्हणून पूजेच्या आधी इथं हात फिरवावा.

सामान काही मोठं नाही. दोन बकेट, एक मग्गा, लांब दांडीचा नायलॉनचा ब्रश, भांडी घासायचा जुना प्लास्टिकचा ब्रश, बांबूच्या दोनतीन कामट्या (लोखंडी खुरपं किंवा पेचकस नको, लेप खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो), दोन जुनी गोणपाटाची पोती, कार शाम्पू, दोन सुती फडकी, एक स्पंज, हातमोजे, चष्मा. चष्म्याला हसू नका, वर पाहून काम करायचं आहे, वाळलेला गारा सरळ डोळ्यात येतो. शाम्पू नसेल तं भांड्याचा पातळ साबण व्हील वेलपुरता चालते, पण बाकी बॉडीवर नको, वॅक्स असेल तं तो निघून जातो. कपडे धुवायची पावडर, संडासचं ॲसिड हे काही वापरू नका. अलॉय चाकावर आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर त्याचे पांढरे डाग पडतात ते निघत नाहीत.

पाण्याचा जोर कुठून आणायचा हा आपल्या गावातला खरा प्रश्न. टिल्लू पंपाला पाईप लावून तोंड अंगठ्याने दाबलं तरी बरंच काम होते. ज्यांच्याकडं संत्र्याच्या बागेसाठी एचटीपी पंप (जोराचा फवारणी पंप) आहे त्यांची तं चांदी, त्याची गन लय जोर मारते. पण इथं एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या पंपातून औषध फवारलेलं असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळं तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा पंप तसाच उचलून गाडी धुवायला घेऊ नका, टाकी, पाईप, गन सगळं साध्या पाण्याने तीनदा खंगाळा, ते पाणी विहिरीजवळ किंवा ढोरांच्या टाक्याजवळ सोडू नका, आणि मग वापरा. शक्य असेल तं गाडीसाठी गन वेगळीच ठेवा. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप असेल तं त्यालाही हेच लागू, त्याला जोर कमी पण भिजवायच्या कामाला तो उत्तम.

आता गाडी उभी कुठं करायची. कोब्यावर किंवा फरशीवर, अंगण कच्चं असेल तं जिथं मुरूम ठोकलेला आहे तिथं. ओल्या काळ्या मातीवर जॅक लावूच नका, तो बसत जातो आणि गाडी घसरते. ब्रेक थंड होऊ द्या, गाडी आत्ताच चालवून आणली असेल तं अर्धा-पाऊण तास थांबा, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तं ती वाकडी होऊ शकते. सावलीत किंवा सकाळी करा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी साबण लावता लावता वाळून जातो आणि डाग पडतात.

दर वेळी चाक काढायची गरज नाही हे खरं. पुढच्या चाकांसाठी स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडं आणि एकदा पूर्ण उजवीकडं कापून ठेवलं की मागची आणि पुढची बाजू आळीपाळीने मोकळी होते, ब्रश चांगला आत जातो. महिन्याच्या धुलाईला एवढं बास. पण दोन मोठ्या धुलायांना चाक काढाच, विशेषतः मागचं, कारण ते वळत नाही आणि सगळ्यात जास्त माती तिथंच दबून राहते.

चाक काढताना घाई नको. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, आणि जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड किंवा लाकडी गुटके लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर असतो, त्यामुळं मागचं चाक वर उचललं की त्याचा भरवसा अर्धा होतो, पुढच्या चाकाचे दगडच कामी येतात. नट आधी गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरी सैल करा, मग जॅक. जॅक लावायची जागा दाराच्या खालच्या पट्टीवर खाचेने दाखवलेली असते, तिथंच लावा. चाक निघालं की तेच चाक आडवं करून त्या पट्टीखाली सरकवा, जॅक सरकला तरी गाडी चाकावर बसेल. जॅक स्टँड असेल तं छानच. विटा किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक ठेवू नका, तो एका क्षणात फुटतो. आणि गाडीखाली डोकं किंवा धड घालायचं नाही, या कामाला त्याची गरजच नाही, बाजूला बसून सगळं होते. जवळ खेळणारी लेकरं आधी लांब पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भिजवणं. जवळपास सगळेच इथं चुकतात. वाळलेल्या काळ्या मातीवर एकदम जोराचं पाणी मारलं की वरची पापडी उडते आणि आतला थर तसाच राहतो, वरून फक्त गुळगुळीत होतो आणि आपल्याला वाटते झालं. माती आधी फुगली पाहिजे. बॅटरी पंपाने किंवा मग्ग्याने सगळीकडं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, परत शिंपडा. फारच कडक असेल तं माझा उपाय असा की दोन पोती पिळपिळीत ओली करायची आणि चाक काढायच्या आधीच चाक आणि लायनरच्या मधात कोंबून द्यायची, तासभर. तेवढ्यात चहा घ्या, ढोरांचं पाहून घ्या. पोती काढली की माती लोण्यासारखी सुटते. पोती काढायचं मात्र विसरू नका, चावीला सुतळी बांधून ठेवा म्हणजे कोणी तशीच गाडी काढणार नाही.

मग वरून खाली या. आधी सगळ्यात वरचा भाग, जिथं शॉकॲब्सॉर्बर पत्र्याला भिडतो ती जागा, मग मागचा उतार, मग पुढचा, शेवटी मडगार्डची कड. या कडेत पत्रा आत दुमडलेला असतो, छोटी पन्हाळच म्हणा ना, आणि माझा गंज तिथंच लागला होता. कामटी त्या दुमडीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, हळू, मग पाणी मारा, मग परत कामटी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दुसरी दबकी जागा म्हणजे पुढच्या चाकाच्या मागं, मडगार्ड आणि दाराखालची पट्टी जिथं मिळते तिथं लायनरच्या मागं. तिथं वरून पडलेला पाला, कडूनिंबाच्या काड्या, माती सगळं साचून खत होते अक्षरशः. लायनरच्या खालच्या दोनतीन क्लिपा काढून लायनर थोडं वाकवलं की हात जातो. क्लिपेच्या मधली टिकली आधी उचलायची आणि मग पूर्ण क्लिप ओढायची, सरळ ओढली तं तुटते. तुटली तरी घाबरू नका, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, पण जुनी नमुना म्हणून घेऊन जा, माप गाडीगणिक बदलते. क्लिप नाही म्हणून लायनर लोंबत ठेवू नका, ते चाकाला घासते आणि एखाद्या दिवशी फाटून गुंडाळते. तिसरी जागा मडफ्लॅपचा वरचा कोपरा. आणि कापूस वेचणी झाल्यावर वावरातून गाडी काढत असाल तं पराट्यांचे तुकडे अडकले का पाहा, ते लायनरला भोक पाडतात. सायलेन्सरजवळ कुटार अडकलेलं असेल तं ते आधी काढा, वाळलेलं कुटार आणि गरम पाईप ही जोडी बरी नाही.

प्रेशरची गन असेल तं फूटभर तरी लांब धरा आणि फवारा पसरट ठेवा. रबरी भाते (अॅक्सलच्या टोकाचे आणि स्टेअरिंगच्या रॉडचे), ब्रेकचा होज, चाकाकडं गेलेली एबीएसची बारीक वायर, यांच्यावर जवळून सरळ धार मारायची नाही. भाता फाटला की आतलं ग्रीस बाहेर येते, माती आत जाते, आणि मग अॅक्सलचा जॉईंटच बदलावा लागते. पण धुताना ते पाहून मात्र घ्या. भात्याला चीर आहे का, ग्रीसचे शिंतोडे उडाले आहेत का, उंदराने वायर कुरतडली आहे का. एरवी हे बघायला मेकॅनिककडं जावं लागते, इथं फुकटात दिसते.

माती निघाली की साबण. बकेटीत शाम्पू कालवा, ब्रशने प्लास्टिक आणि पत्रा घासा, पाच मिनिटं ठेवा पण वाळू देऊ नका, धुवा. डांबराचे काळे ठिपके राहिले असतील, नवीन रस्त्याचं काम चालू असलं की हमखास लागतात, ते पत्र्यावरचे ठिपके फडक्यावर चार थेंब रॉकेल किंवा टार रिमूव्हर घेऊन पुसा आणि लगेच साबणाने धुवा. रबराला आणि प्लास्टिकला रॉकेल लावू नका. पेट्रोल तं अजिबातच नको. फेल्टचं लायनर असेल तं त्याला कडक ब्रश आणि जवळून प्रेशर दोन्ही नको, धागे सुटतात, भरपूर पाणी आणि मऊ ब्रश, बास.

शेवटचं पाणी गोडं असावं. खारपाणपट्ट्यातल्या भावांना हे खास सांगणं आहे, भिजवायला आणि माती काढायला बोअरचं पाणी वापरा, नळाचं पाणी एवढं वाया घालवायची गरज नाही, पण शेवटी एका चाकाला एक बकेट नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मारून मीठ उतरवा. पांढरे डाग पण पडत नाहीत.

मग वाळवणं. चाक लावायच्या आधी तासभर हवा लागू द्या, टेबल फॅन लावला तरी चालते. दुमडीतून फडकं ओढा. पूर्ण वाळल्याशिवाय वरून काही लावणं म्हणजे ओल आत बंद करणं, त्यापेक्षा काही न लावलेलं बरं.

गंज दिसला तं आधी तो. फोड आलेला रंग तारेच्या ब्रशने काढा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकता पत्रा दिसेपर्यंत घासा, कडा १२० ने गुळगुळीत करा, थिनरच्या फडक्याने पुसा, आणि फाटकाला मारतो तो रेड ऑक्साइड प्रायमर दोन हात मारा, मधात वाळू द्या. त्यावर काळा इनॅमल, तो रात्रभर वाळला की अंडरबॉडी कोटिंगचा स्प्रे पातळ थर देऊन मारा. कोटिंग मारताना डिस्क, ड्रम, कॅलिपर, शॉकॲब्सॉर्बरचा चमकता दांडा आणि नट बसतात ते बोल्ट कागदाने आणि टेपने झाका. पाणी वाहून जायची बारीक छिद्रं असतात ती बुजवू नका. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तं हे घरचं काम नाही, डेंटरकडं जा. माझ्या गाडीला भोक पडायला फार दिवस राहिले नव्हते.

आता ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक काळंभोर ठेवायला वरून लावतात ते लोशन. खरं सांगायचं तं व्हील वेलमध्ये ऊन कमी पोचते त्यामुळं प्लास्टिक पांढरं पडण्याचा धोका बाहेरच्या बंपरपेक्षा कमी आहे. मग करायचं काहून? तं ड्रेसिंग केलेल्या प्लास्टिकवर गारा घट्ट धरत नाही, पुढच्या वेळी नुसत्या पाण्याने सुटतो, आणि काळंभोर लायनर दिसलं की जुनी गाडी सुद्धा जपलेली वाटते. पाण्याच्या बेसचं, दुधासारखं पांढरं ड्रेसिंग घ्या. तेलकट, सॉल्व्हंटवालं चकाकते जास्त पण चिकट राहते, आपल्या धुळीत दोन दिवसात करडं होऊन जाते. बाटलीवर पाणी घालायला सांगितलं असेल तं व्हील वेलसाठी अर्ध्याला अर्धं पाणी करा, चार चाकांना शंभर मिली मिश्रणात होते. लायनर हाताला गार लागलं पाहिजे. ड्रेसिंग सरळ आत फवारू नका, स्पंजवर घ्या आणि स्पंजने पसरवा, म्हणजे ब्रेकवर उडत नाही. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणं टाळलं की थेंब ओघळतात आणि त्यावरच धूळ बसते. फेल्टला ड्रेसिंग नाही, उघड्या पत्र्यालाही नाही, पत्र्याला कोटिंगच. आणि डिस्क, पॅड, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना चुकूनही नाही, तिथं तेल म्हणजे जिवाशी खेळ. डिस्कवर लागलंच तं ब्रेक क्लीनरने पुसून काढा, पॅडवर मुरलं असेल तं मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

इथं एक जुनी सवय सोडायला सांगतो. धुलाई केंद्रावर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून देतात, गाडी खालून काळी चमकते आणि आपल्याला बरं वाटते. माझ्या गाडीला दोन वर्षं मारलं, सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ पडले, बदलावे लागले. खनिज तेल रबराला खाते. शिवाय तेलावर धूळ बसून जो लेप होतो तो काळ्या मातीपेक्षा निघायला कठीण, आणि धुतल्यावर ते तेल अंगणातून नालीत आणि नालीतून वावरात. वडील अजून म्हणतात, "काऊन रे, डिझेल मारलं असतं तं झालं असतं, एवढं काय घासून राह्यला?" त्यांना मी जुना बुश दाखवला, हातात घेऊन दाबून पाहिला त्यांनी, मग काही बोलले नाहीत.

चाक परत बसवताना हब (चाक ज्याच्यावर बसते तो मधला भाग) आणि चाक भिडतात ती जागा पुसून घ्या, माती राहिली तं चाक तिरपं बसते. नट हाताने सगळे घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गाडी खाली उतरवून शेवटचा जोर द्या. छोट्या गाड्यांचा टॉर्क साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरमध्ये असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पान्यावर उभं राहून आवळू नका, बोल्ट ताणले जातात. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट परत एकदा तपासा. धुतल्या धुतल्या दोनतीन किलोमीटर गाडी हळू चालवा आणि रिकाम्या रस्त्यावर चारपाच वेळा हलका ब्रेक दाबा. डिस्कवर तांबूस पापुद्रा आलेला दिसेल, तो साधा ओलाव्याचा असतो, ब्रेक मारला की निघून जातो.

पुढं पावसाळ्यात एवढं एकच करा: वावरातून गाडी आली की गारा वाळायच्या आत, ओला असतानाच, चाकागणिक दोन मिनिटं पाणी मारून घ्या. घरी पाणी नसेल तं नाल्यावर थांबून चार मग्गे टाका, पण गाडी नाल्यात उतरवू नका. ओला गारा दोन मिनिटात जातो, वाळलेल्याला तास लागतो. आणि शनिवारी-रविवारी कधी टॉर्च घेऊन त्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहा, ओलं लागलं तं कामटी घ्या.